दवाखान्याच्या बोटीचा पंखा

धक्क्यावर सगळे त्याला जावई म्हणत. उस्तादांचा जावई, एवढी ओळख सगळ्यांना पुरायची. कुरिअरवाला पाकिटावरचं नाव वाचून आधी गोंधळायचा आणि मग म्हणायचा, "अच्छा, म्हणजे जावई! मग असं सांगा ना."

उस्ताद म्हणजे बायकोचे वडील. बोटीच्या मागे लावतात त्या आउटबोर्ड इंजिनांच्या दुरुस्तीचं त्यांचं वर्कशॉप धक्क्याला लागूनच होतं. खाली वर्कशॉप, वर घर. लग्न झालं तेव्हा दोघं 'जागा मिळेपर्यंत' म्हणून वरच्या मागच्या खोलीत राहायला आले, ते तिथलेच झाले. सकाळी जिना उतरला की नोकरी, संध्याकाळी चढला की सासर. जिन्यातल्या पायऱ्यांवर काय तो त्याचा स्वतःचा वेळ, आणि तेवढ्यातही उस्तादांची हाक यायची, "जावईबापू, येताना माझा चष्मा आण रे!"

उस्ताद वाईट असते तर सोपं होतं. भांडता आलं असतं, एक दिवस बॅग भरून निघता आलं असतं. पण माणूस मायेचा. जेवताना ताटातला चांगला तुकडा उचलून जावयाच्या ताटात टाकणार. त्याला ताप आला तेव्हा वर्कशॉप बंद ठेवून उशाशी बसून राहिले होते. गिऱ्हाईक आलं की त्याच्या मानेवर हात ठेवून म्हणायचे, "हा जावई नाही, मुलगा आहे माझा." तो हात चांगलाच वजनदार होता. मानेवरून उठल्यावरही जाणवत राहायचा.

फक्त कामात त्यांचाच शब्द चालायचा. इंजिन बोटीवर किती उंचीला लावायचं, किती कलतं ठेवायचं, पंखा कोणता बसवायचा, हे उस्ताद ठरवणार. आणि पंख्याच्या बाबतीत त्यांचं मत पक्कं होतं: पिच मोठा हवा. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात पाणी कापत किती पुढे जाईल तो हिशेब. मोठ्या पिचचा पंखा भरधाव पळवतो, हे खरंच. पण एकदा बोट पळायला लागल्यावर. थांबलेली, भरलेली बोट त्या पंख्यानं उचलायची म्हणजे चढावर उभी असलेली स्कूटर चौथ्या गिअरमध्ये सुरू करण्यासारखं. इंजिन घरघरतं, नाक आभाळाकडे जातं, मागचा भाग पाण्यात बसतो आणि बोट नुसती पाणी ढकलत राहते.

जावयाला हे कळत होतं. तो बोललाही होता, सुरुवातीच्या वर्षांत. उस्ताद मोठ्यानं हसायचे. चिडून नाही, कौतुकानं, लहान मूल काहीतरी बोबडं बोललं की हसतात तसं. "अरे, वाच वाच, पुस्तकं वाच," म्हणायचे आणि सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारायचे. त्या हसण्यापुढे करायचं काय? हळूहळू त्यानं बोलणं सोडलं. जे पंखे त्याला पटत नव्हते तेच तो ग्रीस लावून, नट आवळून, पिन वाकवून नीट बसवत राहिला.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या.

पहिली म्हणजे फोन. किनाऱ्यावर बरंच वर, दुसऱ्या शहरात बचावपथकांसाठी बोटी बांधणारा एक कारखाना होता. तिथे नव्या बोटीवर इंजिन बसवून, पाण्यात पळवून, सगळं जुळवून देणारा माणूस हवा होता. जावयानं अर्ज केला होता आणि त्यांनी होकार कळवला होता. महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"तू सांगतोस बाबांना की मी सांगू?" बायकोनं विचारलं. ती खाली सुट्या भागांचा काउंटर सांभाळायची. तिचाही जन्म त्याच घरातला आणि तिलाही त्या घराबाहेरची हवा हवी होती.

"मी सांगतो."

"कधी?"

"सांगतो गं."

तो सांगायला म्हणून खाली जायचा आणि उस्ताद त्याच्या हातात चहाचा कप द्यायचे. झालं. तो कप धुऊन ठेवेपर्यंत धीर निघून गेलेला असायचा.

दुसरी गोष्ट दवाखान्याच्या बोटीची. समोरच्या बेटावर दवाखाना नव्हता, नर्सबाईंना घेऊन ही बोटच तिथे जायची. तिथली वस्ती एका खाजणाच्या, म्हणजे आत शिरलेल्या खाऱ्या पाण्याच्या, काठानं पसरलेली, आणि खाजणाला समुद्राकडे उघडणारं एकच अरुंद तोंड. भरतीला तिथून आत जाणं सोपं. ओहोटीला मात्र आतलं पाणी जोरात बाहेर पडायचं, बाहेरची लाट त्यावर येऊन उभी राहायची आणि तोंडातच फुटायची. अशा वेळी मोठ्या लाटा जाऊ द्यायच्या, मग मिळेल त्या मोकळ्या वेळात बोट झटकन उचलून बाहेर काढायची. झटकन उचलली गेली तरच.

"ती उचलतच नाही हो," नर्सबाई काउंटरवर येऊन म्हणाल्या. बोट चालवायच्याही त्याच आणि औषध द्यायच्याही त्याच. "थ्रॉटल पूर्ण देते तरी बसल्या म्हशीसारखी बसून राहते. एखाद दिवशी पेशंटसकट आडवी होईन मी तिथे."

"बाई, तो पंखा मी स्वतः बसवलाय," उस्ताद आतून म्हणाले. "तुमचा हात कच्चा आहे. थांबा, उद्या मी येतो बरोबर. दाखवतो कशी उचलते ती."

पंखा बसवला तेव्हा बोट नवी होती, हलकी होती. त्यानंतर तिच्यावर छप्पर आलं, स्ट्रेचर आलं, ऑक्सिजनचे सिलिंडर आले, जादा बॅटरी आली. पंखा तोच राहिला. हे सगळं जावयाच्या ओठांवर आलं आणि त्यानं ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी निघताना बायकोनं हत्यारांची पेटी त्याच्या हातात दिली. नेहमीपेक्षा जड लागली.

"तळाशी आहे," ती हळूच म्हणाली. "लहान पिचचा, चार पात्यांचा. मी मागवला. बसवायला सांगत नाही, नुसता जवळ असू दे."

तिघं निघाले ते भरतीच्या वेळी. उस्ताद सुकाणूवर, नर्सबाई शेजारी, जावई मागे इंजिनापाशी. बोट रिकामीच म्हणायची. मागून येणाऱ्या लाटेबरोबर ती खाजणात अलगद शिरली. उस्तादांनी मागे वळून भुवया उडवल्या. नर्सबाई म्हणाल्या, "येताना बघू."

तासाभरात परतायचं होतं. पण बेटावरच्या बेकरीवाल्याच्या पोटात सकाळपासून कळा येत होत्या. नर्सबाईंनी त्याच्या पोटाला हात लावला, तो ओरडला, आणि त्यांचा चेहरा बदलला. "अपेंडिक्स. आत्ताच्या आत्ता न्यायला हवं." तयारीत वेळ गेला. बेकरीवाला म्हणजे भरलेलं पिंप. त्याला स्ट्रेचरवर घेऊन बोटीपर्यंत आणायलाच गल्लीतली निम्मी माणसं लागली. त्याची बायको पिशवी छातीशी धरून बरोबर आली. तोवर ओहोटी लागली होती आणि वाराही सुटला होता.

तोंडाशी आल्यावर सगळ्यांनाच दिसलं. दोन्ही बाजूंना काळा खडक, मधे पांढरा फेस. एक मोठी लाट उभी राहिली, वाकली आणि फुटली. मागोमाग दुसरी, तिसरी. मग थोडी मोकळीक.

"धरा घट्ट," उस्ताद म्हणाले आणि थ्रॉटल पुढे ढकललं.

इंजिन घरघरलं. बोटीचं नाक वर आलं, इतकं वर की उस्तादांना समोरचं दिसेना. मागचा भाग खाली बसला. पंख्यामागे पाणी नुसतं घुसळलं जात होतं आणि खडक होता तिथेच होता. मोकळीक संपली. पुढची लाट उभी राहिली तेव्हा बोट जेमतेम अर्ध्यात पोहोचली होती. उस्तादांनी कसबानं ती वळवली, नाहीतर आडवीच झाली असती. तरी लाटेनं बोटीत पाणी ओतलं. बेकरीवाल्याची बायको किंचाळली.

पुन्हा आतल्या शांत पाण्यात. उस्ताद लाटांचा अंदाज घेऊन पुन्हा गेले. पुन्हा तेच घरघरणं, तेच आभाळाकडे गेलेलं नाक, आणि या वेळी खडक इतका जवळून गेला की त्यावरचे शिंपले दिसले.

तिसऱ्यांदा ते वळायला लागले तेव्हा नर्सबाईंनी त्यांचा हात धरला. "बस. मारून टाकाल सगळ्यांना."

बोट खाजणात थांबली. चारही बाजूंनी उतार, मधे हे पाणी, आणि बाहेर पडायची वाट समोर दिसत असून बंद. बेकरीवाला डोळे मिटून कण्हत होता. जावयाला वाटलं, हे पाणी आपण ओळखतो. इतकी वर्षं आपण असंच थांबून आहोत, इंजिन चालू ठेवून. आणि आता तर आपल्या गप्प राहण्यात हा पोटावर हात धरून पडलेला माणूसही अडकलाय.

"मामा," तो म्हणाला, "पंखा बदलायला हवा."

उस्ताद हसले नाहीत. तेच जास्त भीतीदायक होतं. "वेड लागलंय का? कुठला पंखा? कुठून आणणार?"

जावयानं पेटी उपसली. पक्कड, पाने, चिंध्या बाहेर काढल्या आणि तळातून गोणपाटात गुंडाळलेला पंखा वर घेतला.

"हा कुठून आला?"

"तुमच्या मुलीनं मागवलाय."

उस्ताद त्या पंख्याकडे बघत राहिले. मग जावयाकडे. "म्हणजे दोघांनी मिळून ठरवलंत. माझ्या पाठीमागे."

"हो," जावई म्हणाला. आता मागे फिरायला जागा नव्हती. "कारण तुमच्या समोर काही ठरवताच येत नाही, मामा. बोललो की हसता तुम्ही."

"भांडण घरी जाऊन करा," नर्सबाई म्हणाल्या. "बोट दवाखान्याची आहे आणि इथे दवाखाना म्हणजे मी. बदला पंखा."

त्यांनी बोट उथळ पाण्यात नेली, मागची बाजू वाळूकडे केली. इंजिन बंद करून वर उचललं. जावई कंबरभर पाण्यात उतरला. पिन सरळ करून ओढून काढली. पातं फिरू नये म्हणून लाकडाचा ठोकळा अडकवला, नटाला पाना लावला आणि जोर लावला. नट हलला नाही. खाऱ्या पाण्यानं आणि उस्तादांच्या मनगटानं तो असा काही बसला होता की जणू तिथेच उगवला होता. जावयानं पुन्हा जोर लावला. पाना सटकला, बोटांची सालं निघाली. खाऱ्या पाण्यात हात चरचरला. पुन्हा. पुन्हा. नट ढिम्म.

तोंडाकडून लाट फुटल्याचा आवाज आला. "बीपी उतरतंय," नर्सबाई वरून म्हणाल्या.

जावयानं मान वर करून पाहिलं. उस्ताद काठाला धरून उभे होते, सगळं बघत होते. त्याला वाटलं, आता म्हणतील, बघ, सांगत नव्हतो? पण त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि ते कपड्यांसकट पाण्यात उतरले.

"सरक," ते म्हणाले. "मी आवळलेला आहे तो."

त्यांनी पाना लावला, पण ओढला नाही. आधी किंचित आवळायच्या दिशेनं दाबला, तसा आतून कटकन आवाज झाला, आणि मग उलट दिशेला सगळं अंग टाकलं. नट सुटला. त्यांनी पंखा काढून बोटीत टाकला, त्याच्याकडे बघितलं नाही. नवा पंखा जावयानं बसवला. उस्तादांनी वॉशर दिला, नट दिला, पिन दिली, एकेक मागेल तसं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा ते देत होते आणि तो मागत होता.

"आता इंजिनाचा कल," जावई म्हणाला. "इंजिन टेकतं ती पिन बाहेरच्या भोकात आहे, म्हणून नाक इतकं उठतं. आत घ्यायचीय."

"किती?"

जावई थांबला. दोन भोकं आत घेतली तर बोट चटकन उचलेल, पण नाक खाली राहून समोरच्या लाटेत घुसेल. बाहेर गेल्याशिवाय बदलता येणार नाही. पण आधी बोट उचलायला तर हवी. "दोन," तो म्हणाला.

"एक," उस्ताद म्हणाले. "सपाट पाण्यावर दोन ठीक. इथे एकच."

जावयानं क्षणभर विचार केला. "बरोबर. एकच."

मग त्यांनी वजन पुढे सरकवलं. सिलिंडर, बॅटरी, पेट्रोलची टाकी, सगळं नाकाकडे. स्ट्रेचरही ओढून पुढे घेतलं. बेकरीवाल्यानं एक डोळा उघडला. "काय चाललंय?"

"तुमचं वजन बोटीच्या पुढच्या भागात हवंय," नर्सबाई म्हणाल्या.

"आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी हवंय," तो पुटपुटला आणि पुन्हा कण्हायला लागला.

"चालव तू," उस्ताद जावयाला म्हणाले.

"नाही. लाट तुम्हाला कळते, मला नाही. तुम्ही चालवा. फक्त एक ऐका. हा पंखा इंजिनाला लगेच मोकळं सोडेल, आवाज एकदम चढेल. बोट वर आली की थ्रॉटल कमी करा, तसंच दाबून धरू नका. मी सांगतो तेव्हा."

उस्तादांनी मान हलवली. जावई त्यांच्या खांद्यामागे उभा राहिला.

मोठ्या लाटा आल्या, फुटल्या, गेल्या. उस्ताद थांबले. आणखी एक जाऊ दिली. मग थ्रॉटल पुढे.

या वेळी घरघर नव्हती. इंजिनाचा आवाज किंकाळीसारखा वर गेला, मागून कुणीतरी ढकलावं तशी बोट सुटली, नाक जरासं उठून लगेच खाली आलं आणि ती पाण्याच्या वर चढली. पाणी ढकलणं संपलं, आता ती पाण्यावरून धावत होती. "कमी!" जावई ओरडला. उस्तादांनी कमी केलं. "आणखी थोडं... बास!" दोन्ही बाजूंनी खडक मागे पळाला. समोर लाट उभी राहत होती, अजून वाकली नव्हती. "द्या!" तो म्हणाला, पण उस्तादांनी दिलं नाही, उलट आणखी सोडलं. बोट लाटेवर चढली, माथ्यावर टेकली आणि पलीकडे हळूच उतरली. पूर्ण वेगात असती तर उडून नाकावर आपटली असती, हे जावयाला उतरल्यावर कळलं.

मग खोल, निळं, लांब हेलकाव्यांचं पाणी. नर्सबाईंनी बेकरीवाल्याची नाडी पुन्हा धरली.

बेकरीवाला वाचला. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिल्यांदा खायला काय आहे ते विचारलं.

धक्क्यावर बातमी आधीच पोहोचली होती. जावयाला वाटलं होतं, उस्ताद गप्प राहतील, नाहीतर गोष्ट आपल्या नावावर करतील. दोन्ही झालं नाही. ते पिंपावर बसले आणि सगळ्यांना सांगत सुटले, "मी अडकलो होतो! मी! आणि यानं काढलं बाहेर. मी चुकलो, हा बरोबर." त्यांनी जावयाला ओढून जवळ घेतलं, मानेवर हात ठेवला. डोळ्यांत पाणी होतं. "आता ऐक. मागची शेड पाडू. तिथे तुझ्यासाठी मोठी टाकी बांधू, इंजिनं चालवून बघायला. पंख्यांचं सगळं खातं तुझं. तू म्हणशील तो पंखा. मी तोंड उघडणार नाही. मरेपर्यंत दोघं मिळून हे वर्कशॉप चालवू."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जावयानं हसायचा प्रयत्न केला. त्याला हवं होतं ते सगळं एका दमात हातात येऊन पडलं होतं आणि त्याला महिनाअखेर आठवत होती. गर्दीपलीकडे काउंटरमागे बायको उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

तो आठवडा फार वाईट गेला. उस्ताद रोज शेडचं माप घेत होते. विटांचं बोलून आले. जेवताना टाकीची चर्चा, चहाला टाकीची चर्चा. सासूबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं माझं ऐकलं नाही, तुझं ऐकतात बघ," आणि प्रेमानं आणखी वाढलं. रात्री जावई छताकडे बघत पडायचा. बायको कूस बदलायची, पण विचारायची नाही.

शेवटी गवंडी आला तेव्हा तो खाली गेला. उस्ताद जमिनीवर खडूनं रेघ मारत होते.

"मामा, खड्डा खणू नका."

"का रे? जागा बदलायची?"

"आम्ही जातोय. बोटींच्या कारखान्यात नोकरी लागलीय मला. हे त्या दिवसाच्या आधीच ठरलं होतं. सांगायला धीर होत नव्हता."

उस्ताद खडू हातात धरून तसेच उकिडवे बसले. गवंडी एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता.

"पंखा म्हणशील तो लावू म्हटलं ना मी," उस्ताद म्हणाले.

"हो. त्याबद्दल नाही."

"मग कशाबद्दल?"

जावयाला नीट सांगता आलं नाही. "मला चुकायचंही आहे," तो म्हणाला. "तुम्ही मागे उभे नसताना."

उस्ताद उठले. गुडघे वाजले. "हंगाम संपेपर्यंत थांब."

"नाही मामा. या महिन्यातच."

"बरं," ते म्हणाले आणि गवंड्याला चहा विचारायला आत गेले.

दिवे लागले, जेवण झालं, भांडी वाजली. जावई आणि बायको खोलीत कपडे वेगळे करत बसले होते. कुठली बॅग न्यायची यावर कुजबुज चालली होती. तेवढ्यात दारावर टकटक झाली. त्या घरात दार वाजवायची कुणाला सवयच नव्हती, त्यामुळे दोघं दचकले.

उस्ताद दाराबाहेर उभे होते. आत आले नाहीत.

"जागा मिळाली का तिथे?"

"एक खोली आहे, बाबा," मुलगी म्हणाली.

"उजेड येतो?"

"येतो म्हणाले."

"हं." ते आत ठेवलेल्या कपड्यांच्या ढिगाकडे बघत राहिले. आणखी काहीतरी विचारायचं होतं, ते त्यांना सापडलं नाही. मग ते वळले आणि जिना उतरून खाली गेले. वर्कशॉपचा दिवा लागल्याचा उजेड जिन्यात आला.

बायकोनं दार लावून घेतलं आणि कडी घातली. कडी गंजली होती, तिला दोन्ही हातांनी सरकवावी लागली. मग ती त्याच्या शेजारी येऊन बसली आणि दोघं एकेक शर्ट घडी घालायला लागले.